चार पायऱ्यांखालचा नळ

“मिठाई आणली असती तर समजलं असतं. खोबऱ्याच्या वाट्या आणल्या असत्या, तेबी समजलं असतं. पण विहिणीच्या घरी येताना माणसानं पाणी काहून आणावं? तुमीच सांगा, कुलदीपचे बापू, तुमच्या सात पिढ्यांत आणलं का कोणी?”

“हळू बोल. अंगणात बसल्यात त्या.”

“बसू द्या. गल्लीलाबी ऐकू जाऊ द्या. त्यासाठीच तर मराठीत बोलून राहिले.”

हे खरं होतं. शंकरसिंग आणि जिवनबाईच्या घरात एरवी सगळं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत चाले, भांडण तेवढं मराठीत. गोरमाटीतलं भांडण उंबऱ्यातच संपून जाई. मराठीतलं समोरच्या सोजराबाईपर्यंत पोचे आणि दोन दिवस टिके.

अंगणात बाजेवर बसलेल्या रूपाबाईला दोन्ही भाषा येत होत्या. तिनं सगळं ऐकलं, न ऐकल्यासारखं करून सुपारी कातरली आणि पायाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनच्या तोंडावरचं फडकं घट्ट केलं. वीस लिटरचा कॅन. सेनगावच्या पुढच्या तांड्यावरून, जीपमध्ये अकरा माणसांच्या गर्दीत, दोन पायांत धरून आणलेला. आत त्यांच्या हापशाचं पाणी. ती दारात आली तेव्हा जिवनबाईनं रीतीप्रमाणं तांब्या पुढं केला, तर विहीण म्हणाली, “राहू द्या, आमचं आणलंय.” आणि कॅन वाकडा करून फुलपात्र भरलं, घटाघट प्याली. दुसरं फुलपात्र भरून सुनेच्या हातात दिलं.

सून म्हणजे निलम, जिवनबाईची थोरली. सातवा सरून आठवा लागलेला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. येऊन वीस दिवस झाले होते आणि वीस दिवसांत तिचं पोट दोनदा बिघडलं होतं. दुसऱ्या वेळी सलाईन लावावं लागलं. ती बातमी तांड्यावर पोचली आणि तिच्या मागोमाग हा कॅन आला.

“विहीणबाई,” रूपाबाई बाहेरूनच म्हणाली, “राग नका धरू. तुमचं पाणी तुमाला गोड असंल. पण पोटातलं लेकरू आमचंबी हाय. चार-आठ दिवस मी इथं बघते. बराबर वाटलं न्हाई, तर पोरीला संगं घेऊन जाईन. बाळंतपण तिकडंच करू.”

जिवनबाईच्या भांडणाची हवा एकदम गेली. तिनं बाज नव्यानं विणून घेतली होती. डिंक निवडून डब्यात भरला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. जिवनबाईची आई लवकर गेली, त्यामुळं तिची स्वतःची बाळंतपणं सासूच्या हाताखाली झाली होती. सासू वाईट नव्हती, पण सासूच होती. कळा येताना “आई गं” म्हणायचीसुद्धा चोरी. निलमचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं निलम पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. आणि आता ही बाई एका कॅनच्या जोरावर पोरगी घेऊन चालली होती.

तेही कशावरून? तर पाण्यावरून. जिवनबाईला लोकांनी सैपाकावरून नावं ठेवली असती तर तिनं मानली असती. पाण्यावरून कोणी बोलावं, हे काही तिला मानवणारं नव्हतं.

ती डोंगरकड्याकडच्या तांड्यातली. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात ओढा आटला की बाया वाळूत झिरे उकरत. वरचं डबक्यातलं पाणी जनावरांचं, शेवाळलेलं. हातभर वाळू काढली की गढूळ पाणी लागे. आणखी हातभर काढली की तळाशी काचेसारखं पाणी झिरपे. मग वाटीनं वाटीनं घागर भरायची. सात वर्षांची असल्यापासून जिवनबाईनं हे केलं. जितकं खाली जाशील तितकं पाणी निर्मळ, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या हातांनाच ठाऊक होतं.

शंकरसिंगला शहरातल्या शाळेत शिपायाची नोकरी लागली. एक्याण्णव साली मोंढ्यामागच्या गल्लीत दोन खोल्या झाल्या. अंगणात नळ होता, गुडघ्याइतका उंच, पितळी तोटीचा. पहिल्या दिवशी जिवनबाईनं तोटी सोडली, आणि न उकरता पाणी आलेलं पाहून ती एकटीच बराच वेळ हसत बसली.

पुढं गल्लीतली घरं चौदाची चाळीस झाली. पाइप मात्र तोच राहिला, गंजका, नालीच्या अंगानं गेलेला. पाणी रोजचं दिवसाआड झालं, मग चौथ्या दिवसावर गेलं, आणि गुडघ्याइतका उंच नळ नुसते सुस्कारे सोडू लागला. पहिली चाल समोरच्या सोजराबाईनं केली. तिनं नळ कापून जमिनीलगत घेतला. त्या दिवशी तिच्या घागरी भरल्या आणि जिवनबाईच्या रिकाम्या राहिल्या.

जिवनबाईनं पहार काढली. उकरणं तिला काही नवं नव्हतं.

तिनं फूटभर खड्डा केला. सोजराबाईनं दीड फूट केला. हिनं दोन. तिनं अडीच. सोजराबाईचा नवरा अमृतराव पाणीपुरवठ्यातच वॉलमन होता. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, तो वॉल फिरवायचा दांडा त्यांच्याच हातात. पण बायकोच्या खड्ड्याची माती त्यांनीसुद्धा मुकाट्यानं उपसली. शेवटी सोजराबाईच्या तिसऱ्या पायरीखाली खडक लागला. जिवनबाईचा खड्डा मात्र शहाबादी फरशीच्या चार पायऱ्या उतरून छातीइतका खोल गेला. तोटीनं पाणी अडतं म्हणून तिनं तोटीही काढून टाकली. तळाशी पाइपचं नुसतं तोंड उघडं.

“चार पायऱ्यांखालचं पाणी हाय आपलं,” ती पाहुण्यांना सांगे, जसं कोणी चार एकर बागायत सांगावी. पुढं त्यात रतनसिंग दूधवाल्याचं वासरू पडलं, एका पाहुण्याची चप्पल गेली, म्हणून वर पत्रा टाकला. पाणी जायच्या वेळी शेवटचा थेंबही वाया जाऊ नये, म्हणून ती खड्डाच भरू द्यायची. दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी साचे आणि ते चार दिवस भांड्याला, धुण्याला पुरे. नालीचं पाणी भिंतीतून पाझरतं अशी शंका एकदा शंकरसिंगनं काढली, तेव्हा तिनं आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि शंकाही बुजवली. मागच्या वर्षी धाकट्या कुलदीपला कावीळ झाली, तेव्हा दोष बसस्टँडवरच्या भज्यांना गेला आणि गळ्यात वसमतहून आणलेली मुळ्यांची माळ आली.

अशा बाईच्या दारात कोणी कॅन आणला होता.

संध्याकाळी अमृतराव ड्युटीवरून येताना दिसले, तशी जिवनबाईनं त्यांना दारातच अडवलं.

“अमृतभाऊ, तुमी पाण्यातले माणूस. आमच्या विहीणबाईला सांगा, आमचं पाणी कसं हाय ते.”

अमृतरावांनी रूपाबाईकडं पाहिलं, कॅनकडं पाहिलं, समोर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं. तिचे हात थांबले होते.

“टाकीतून निघतं तवा चांगलं असतं, वहिनी.”

“अन् इथं येतं तवा?”

“तवा... खड्डे हायत ना सगळ्यांचे.” ते सायकल भिंतीला टेकवत म्हणाले. “मी वॉल बंद केला की वरून पाणी येणं थांबतं. पाइपातलं होतं ते उताराला, खालच्या मोहल्ल्यात निघून जातं. रिकामा पाइप मग मागून ओढतो. खड्ड्यात त्याचं तोंड बुडालेलं असलं, तर खड्ड्यातलंच ओढतो.”

“काय ओढतो?”

“पाणी.”

“नळ?” जिवनबाईला खरंच हसू आलं. “आवं अमृतभाऊ, नळ पाणी देतो, पीत न्हाई. गाय दूध देती, अन् मग वासराच्या तोंडातून परत ओढून घेती का?”

सोजराबाई समोरून फिसकन हसली. तेवढ्यानं जिवनबाईला चेव आला.

“उद्या शुक्रवार. पाण्याचा दिवस. पाणी गेल्यावर खड्ड्याशी बसू सगळे. तुमीबी बसा, विहीणबाई. माझा नळ एक तांब्याभर जरी पाणी प्याला, तर पोरीला खुशाल घेऊन जा. मी हूं की चूं करणार न्हाई!”

हे तिनं मराठीत म्हटलं. गल्लीतले अर्धे दरवाजे तोवर उघडलेलेच होते.

“याडी!” निलम आतून आईवर ओरडली. “मला इचारलं का कोणी?”

कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी घागरी, हंडे, पिंप, टोपली सोडून घरात जे जे म्हणून होतं ते भरून झालं. नेहमीप्रमाणं खड्डाही दुसऱ्या पायरीपर्यंत भरला. सात वाजता पाणी गेलं. रूपाबाई पहिल्या पायरीवर येऊन बसली. निलम पोट सावरत बाजेवर. सोजराबाई चहाची कपबशी घेऊन थेट अंगणातच आली. दुरून बघण्यासारखी ही गोष्ट नव्हती. शंकरसिंगला शाळेची घंटा द्यायची होती, पण तोही रेंगाळला.

“थांबा,” जिवनबाई म्हणाली. “उगं कोणी म्हणायला नको, पाणी कमी झालं का न्हाई दिसलं न्हाई म्हणून.” आणि तिनं घरातून निळीची बाटली आणली. शंकरसिंगचे गणवेशाचे पांढरे शर्ट याच निळीवर चमकत. चार थेंब पुरले असते. पण सत्याची बाजू असली की जिवनबाईचा हात सैल सुटे. तिनं अख्खी बाटली उपडी केली.

खड्डा आभाळासारखा निळा झाला. सगळे बघत बसले.

पाच मिनिटं गेली. पाणी आरशासारखं स्थिर.

“बघा,” जिवनबाई म्हणाली. “बघा, हललं का? कसा शहाण्यावानी बसलाय माझा नळ.”

आणि नळानं ढेकर दिली.

आधी एक बुडबुडा आला. मग तळातून ‘गुडगुड’ असा आवाज निघाला, म्हशीनं हौदाला तोंड लावल्यावर येतो तसा. पाण्याच्या मधोमध बारीक भोवरा फिरू लागला. दुसऱ्या पायरीची कड उघडी पडली. मग अख्खी पायरी. मग तिसरीची कड. नळ पीत होता. सावकाश, चवीनं, कोणाचीही लाज न बाळगता पीत होता.

सोजराबाईनं फुरका मारला तो फक्त ऐकू आला.

“तांब्याभर म्हणाला होता तुमी,” रूपाबाई शेवटी म्हणाली. तिचा आवाज टोचणारा नव्हता, म्हणून जास्तच टोचला.

“प्याला ना? पिऊ द्या,” जिवनबाई म्हणाली. “उताराला गेलं म्हणतात ना अमृतभाऊ? मग गेलं ते गेलं. परत थोडंच येतं?”

“मंगळवारी कळंल,” रूपाबाई म्हणाली आणि आपल्या कॅनकडं वळली.

ते चार दिवस घरात दोन पाणवठे होते. एका कोपऱ्यात कॅन, त्यातून निलम आणि रूपाबाई. दुसऱ्या कोपऱ्यात माठ, त्यातून बाकीचे. कॅनमधलं पाणी उतरत चाललं तशी रूपाबाई स्वतः कमी पिऊ लागली, पण सुनेचं फुलपात्र काठोकाठ भरत राहिली. जिवनबाईनं ते पाहिलं आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. भांडायला आलेली बाई चांगली निघाली की भांडणाचं फार नुकसान होतं.

एका दुपारी डाळ निवडताना रूपाबाई आपण होऊन म्हणाली, “आमच्या हापशालाबी काही सोनं लागलं न्हाई, विहीणबाई. भोवती म्हशी बसायच्या, बाया तिथंच लुगडी धुवायच्या. तेच पाणी खाली मुरायचं. तीन वर्षांमागं अर्धा तांडा हगवणीनं झोपला. माझी एक नात गेली त्यात. मग भोवती ओटा बांधला, म्हशी हाकलल्या, धुणं लांब नेलं. तवापासून मी पाण्याची चव न्हाई बघत. ते आलं कुठून, ते बघते.”

जिवनबाईनं त्या दिवशी डाळ दोनदा निवडली.

मंगळवारी पाणी नेहमीपेक्षा लवकर आलं. तीन घागरी भरून वर बाजेशी ठेवून जिवनबाई खड्ड्यात चौथी भरत होती, तोच समोरून किंकाळी आली.

“जिवनबाई! ओ जिवनबाई! बाहेर या आधी!”

सोजराबाई दारात उभी होती आणि तिच्या हातात साडी होती. पांढरीशुभ्र साडी, रविवारच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी खास घेतलेली. सकाळच्या पहिल्या पाण्यात ती बुचकळली होती. आता ती पांढरी नव्हती. अगदी निळीही नव्हती. पावसाळी ढगाच्या पोटासारखा काहीतरी रंग तिला ठिकठिकाणी चढला होता.

“जयंतीला निळं चालतं हो, पण झेंडा निळा असतो! बाई न्हाई!”

मग गल्लीचे दरवाजे एकेक करून उघडले. भिकाबाईचा भात फिकट निळा झाला होता. शिला शिंपीण पोराला आंघोळ घालताना घाबरून ओरडली होती. आणि रतनसिंग दूध घालायला आला, तर त्याच्या किटलीतल्या दुधालाही किंचित निळी झाक होती. “म्हशीनं काहीतरी खाल्लं असंल,” असं तो म्हणाला; पण त्या दिवसापासून गल्लीत त्याला तोंड वर करून दुधाचा भाव सांगता आला नाही.

सोजराबाई तावातावानं अंगणात आली. पण खड्ड्यात उभ्या असलेल्या जिवनबाईचं तोंड पाहून ती थांबली.

जिवनबाई हिशोब करत होती. आपली नीळ सगळी उताराला गेली नाही, पाइपात बसून राहिली आणि पहिल्या पाण्याबरोबर सोजराबाईच्या हंड्यात गेली. म्हणजे सोजराबाईच्या खड्ड्यातलं आपल्या घागरीत येत असणार. भिकाबाईच्या खड्ड्याशी पोरं बसतात, ते? शिंपिणीच्या खड्ड्यात तर नाली सरळच फुटलीय. ते सगळं इतकी वर्षं कुठं जात होतं? नीळ दिसली, म्हणून कळलं. बाकीच्याला रंग नव्हता, एवढंच. कुलदीपचे पिवळे डोळे तिला आठवले, आणि त्या बिचाऱ्या भजीवाल्याला आपण दिलेल्या शिव्याही.

वर बाजेशी हालचाल झाली. कॅन काल रात्रीच संपला होता. निलम नुकतीच उठली होती, तोंड धुऊन, झोपेतच, सवयीनं ताज्या घागरीत फुलपात्र बुडवत होती. सकाळचं पहिलं पाणी. वीस दिवस जिवनबाईच ते तिच्या हातात देत होती. “पी गं, चार पायऱ्यांखालचं हाय,” असं म्हणून.

स्टीलच्या भांड्यात रंग दिसत नाही. फुलपात्र ओठाला लागणार, एवढ्यात जिवनबाई चार पायऱ्या दोन ढांगांत चढली आणि तिनं ते उडवलं. ठण्ण करून ते अंगणभर लोळत गेलं.

“याडी! काय झालं?”

जिवनबाईनं पहिली घागर उचलली, रस्त्यावर नेली आणि ओतली. दुसरी उचलली, ओतली. तिसरी. कमरेला पदर खोचून ती ये-जा करत राहिली आणि पाणी मातीत जात राहिलं. वाटीनं घागर भरणारी ही बाई. धुण्याचं पाणी भांड्याला, भांड्याचं झाडाला घालणारी. तिनं पाणी सांडलेलं अकरा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. सोजराबाई आपली साडी विसरली आणि गुपचूप जाऊन स्वतःचा हंडाही तिनं नालीत उपडा केला.

दुपारी जेवणं झाली. शंकरसिंग शाळेतून आला होता, कुलदीप ताटावरून उठत होता. रूपाबाईनं हात धुतले आणि घसा साफ केला.

“विहीणबाई, ते तांब्याभर पाण्याचं बोलणं रागातलं होतं. मी काही धरून बसले न्हाई. खड्डा बुजवा, पाणी उकळून द्या, पोरगी राहू द्या इथंच. आईजवळ बाळंत व्हावं, हे मलाबी कळतं.”

शंकरसिंगचा चेहरा उजळला. “झालं तर मग! उद्याच मिस्त्री बोलावतो. एक खड्डा बुजवायला कितीसा येळ?”

“एक खड्डा,” जिवनबाई म्हणाली. “गल्लीत चाळीस हायत.”

“मग? सगळ्या गल्लीचे तू बुजवणार व्हय?”

“बुजवतील हळूहळू. सोजराबाई उद्याच बुजवून राहिली. पण लेकरू काही थांबणार न्हाई तोवर.” तिनं ताटं एकात एक घातली.

“मग पोरीला सासरी धाडतीस? पहिल्या बाळंतपणाला? अन् इतकं डिंक, दुपटी, बाज?”

“बाज जीपवर बांधता येती.”

“अगं पण तू तर म्हणत होतीस, आई पाहिजे जवळ—”

“व्हय. पाहिजे.”

शंकरसिंगला समजायला थोडा वेळ लागला. रूपाबाईला आधी समजलं. तिनं सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. विहिणीच्या घरी जाऊन, तिच्या चुलीपाशी बसून लेकीचं बाळंतपण करणारी आई त्यांच्यात कोणी पाहिली नव्हती. लोक काय म्हणतील, हे विचारायला शंकरसिंगनं तोंड उघडलं, पण बायकोनं उरलेली भाकर फडक्यात गुंडाळली, हात पुसले आणि सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. बोलली ती गोरमाटीतच, आवाज न चढवता.

“उद्या खड्डा बुजेल. नळ जमिनीवर हातभर येईल, तोटी लागेल. पाणी बारीक आलं तरी तेवढंच भरायचं, पहिल्या दोन घागरी टाकून द्यायच्या, प्यायचं ते उकळायचं. गुरुवारच्या जीपनं निलम जाते, मीबी जाते. लेकरू सव्वा महिन्याचं व्हईपर्यंत मी येत न्हाई. पाणी तुमी अन् कुलदीप भरा.”